डाव्या हातासाठी नवे नकाशे

संपतला बसणं जमत नव्हतं. एकोणीस वर्षं त्यानं बसूनच काम केलं होतं, पण ते बसणं वेगळं. जमिनीपासून चाळीस फूट वर, सळ्यांच्या कारखान्यात, क्रेनच्या केबिनमध्ये. दोन हातांत दोन दांडे. डाव्या दांड्यानं क्रेन कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. उजव्या दांड्यानं हूक वर-खाली व्हायचा. हुकाला सळ्यांचे गठ्ठे, पाच-पाच टनांचे. खाली माणसं.

आता सात महिने तो घरी होता. दर पाच मिनिटांनी उठायचा. नळ नीट बंद आहे का बघायचा. दारात जायचा, रस्त्यावरचा एखादा ट्रक जाईपर्यंत थांबायचा, परत यायचा. परत नळाकडे.

"अहो, एका जागी ठरा की," वंदना म्हणायची. ती त्याची बायको. बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला जायची. "घरात मांजर पाळल्यागत वाटायलंय मला."

"मांजर काम करतंय का काही? मी नळ तरी बघून राह्यलो."

अपघाताची गोष्ट साधीच होती. एका गठ्ठ्याखाली साखळी अडकली. संपत केबिनमधून उतरून ती सोडवायला गेला. ते काम त्याचं नव्हतं. गठ्ठा सरकला आणि डाव्या हाताची मधली दोन बोटं साखळी आणि सळ्यांच्या मध्ये सापडली. बोटं वाचली. हाडं जुळली. पण बोटं आता आधी विचार करायची, मग हलायची.

मस्तगडच्या दवाखान्यात शीतल मॅडम व्यायाम घ्यायच्या. रबरी चेंडू दाब. वाटीतला राजमा एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाक.

"मॅडम, एवढा राजमा निवडला, आता भाजी तरी करू द्या," संपत म्हणाला. त्या हसल्या नाहीत. दुसरी वाटी पुढे केली.

तिथल्याच बाकावर त्याची चिन्मयीशी ओळख झाली. तिचे वडील वामनराव आखडलेला खांदा घेऊन यायचे. ती त्यांना स्कूटीवर आणायची आणि बाहेर पुस्तक वाचत बसायची. मराठीत एम.ए. झालेली, कॉलेजात तासिकेवर शिकवणारी, सव्वीस वर्षांची मुलगी. संपत तिच्यासमोर येरझाऱ्या घालायचा. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "ह्यात शेवटी काय होतं, मॅडम?"

"अजून शेवट आला नाही."

"मंग आधीच बघून घ्यायचा ना. कशाला जीव टांगून ठिवायचा?"

ती हसली. तिथून दोस्ती झाली. तो तिला मॅडम म्हणायचा, थोडं मानानं आणि थोडं चिडवायला. ती त्याला दादा म्हणायची.

खेळही तिनंच आणला. तिचा भाऊ अद्वैत नोकरीला बाहेरगावी गेला होता आणि त्याचा जुना कॉम्प्युटर घरात धूळ खात पडला होता. तो तिनं संपतच्या घरी आणून ठेवला. त्यावर लिनक्स होतं. विंडोज त्या मशीनला पेलेना, म्हणून अद्वैतनं तीन वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं. त्यात एक गोळीबाराचा खेळ होता, कमीत कमी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. दगडी बोळ, लोखंडी दारं, चौकोनी तोंडांचे राक्षस. डाव्या हाताच्या चार बटणांनी चालायचं. उजव्या हातातल्या माऊसनं नेम धरायचा.

संपत बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ही तर क्रेनच झाली."

चार महिने तो रोज दुपारी खेळला. पहिल्या आठवड्यात दारातून सरळ बाहेर पडता येईना. भिंतीला नाक घासत चालायचा. मग बोटं सैल झाली. मग जोर आला. खेळात एकूण तीसेक नकाशे होते. नकाशा म्हणजे एक जागा, तिचे बोळ, तिच्या खोल्या, तिच्यातले राक्षस. सगळे पार झाले. दुसऱ्यांदा झाले. पाचव्यांदा झाले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तो वेळ लिहून ठेवायचा. पहिला नकाशा आधी अकरा मिनिटं, मग सहा, मग दोन मिनिटं दहा सेकंद.

शीतल मॅडमनी बोटं वाकवून बघितली आणि म्हणाल्या, आता माझं काम संपलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर सही केली. उरली फक्त कारखान्याची चाचणी. सोमवारी सकाळी पाळीचे मुख्य रामराव यांच्यासमोर एक तास क्रेन चालवून दाखवायची. जमलं तर केबिन परत. नाही तर खाली, गठ्ठ्यांना साखळ्या बांधायला.

सगळं बराबर चाललं होतं. आणि एका दुपारी वंदना लवकर घरी आली.

संपत खेळत होता. ती मागून म्हणाली, "गॅसवाल्याला फोन केल्ता का?" तो म्हणाला, केल्ता. ती म्हणाली, मंग सिलिंडर का आला न्हाई? तो म्हणाला, येईल. दोघांची चांगली जुंपली. भांडण संपल्यावर त्यानं वळून पडद्याकडे बघितलं तर नकाशा पार झाला होता.

तो कसा पार झाला ते त्याला कळेना. बोटांनी केला होता. त्यानं बघितलासुद्धा नव्हता.

त्या रात्री जेवताना त्यानं दोनदा हात धुतले. वंदनानं विचारलं काय झालं. काही नाही म्हणाला.

कारखान्यात एक कायदा आहे. कुठल्या फळ्यावर लिहिलेला नाही, पण नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला तोच सांगतात. चल म्हणणारा एकच. थांब म्हणणारा कोणीही. क्रेन हलवायची खूण फक्त खालचा इशारेवाला देणार. संपतचा इशारेवाला नागसेन. त्याचा हात हलल्याशिवाय संपतनं एकोणीस वर्षांत कधी दांडा हलवला नव्हता. पण थांबायची खूण कुणाचीही चालते. झाडूवाल्याची, चहावाल्याची, पाहुण्याचीही. हात वर दिसला की आधी थांबायचं, मग विचारायचं. एकदा एका झाडूवाल्यानं दोन्ही हात वर करून जांभई दिली होती. संपतनं साडेचार टनांचा गठ्ठा जागच्या जागी रोखला. सगळे पोट धरून हसले. नागसेन हसला नाही. तो गठ्ठ्याच्या पलीकडं उभा होता.

ते थांबणं डाव्या हाताचं होतं, आणि ते कधी येईल ते आधी ठाऊक नसायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चिन्मयीला फोन केला. "मॅडम, ह्याच्यात न पाह्यलेलं काही असतं का?"

"म्हणजे?"

"नवीन नकाशे. मला ठाऊक नसलेले."

"भरपूर. जगभर लोक अजून बनवतात. मूळ खेळात वरून घालायचे. पण दादा, आहे ते तरी पुरे झालं ना?"

"लई झालं. तेच तर."

गुरुवारी तिनं पेन ड्राइव्हवर दोन संच आणून दिले. पहिल्यात बारा नकाशे, दुसऱ्यात वीस. बसवायला मात्र तिला वेळ नव्हता. परीक्षा सुरू होत्या आणि शुक्रवारी तिला राजूरच्या केंद्रावर देखरेखीला जायचं होतं. "शनिवारी येते," ती म्हणाली. "तोवर हात लावू नका. लिनक्सवर ते आपोआप बसत नाही. कुठं काय ठेवायचं ते बघावं लागतं."

"मी काय लहान लेकरू हाये का?"

"लहान लेकरं ऐकतात."

शुक्रवारी सकाळी वंदना कामावर गेली. संपतनं नळ बघितला. पेन ड्राइव्हकडे बघितलं. परत नळाकडे. दहा वाजेपर्यंत त्यानं कळ काढली. मग लावलाच.

खेळाचं फोल्डर कुठं आहे ते त्याला माहीत होतं. आत एकच भलीमोठी फाईल होती. पेन ड्राइव्हवरच्या पहिल्या संचातही तशीच एक, त्याच नावाची. ही नवी, ती जुनी. त्यानं नवी फाईल उचलून जुन्या फोल्डरात टाकली. कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाईल इथं आहे, रिप्लेस करू का?

रिप्लेस हा शब्द संपतला पक्का ठाऊक होता. गठ्ठे उचलायच्या पट्ट्यांवर पत्र्याचे बिल्ले असतात. त्यावर तारीख आणि रिप्लेस. नवा पट्टा आला की आधी जुना हुकावरून काढायचा, कापायचा आणि भंगारात टाकायचा. कापायचा अशासाठी की कुणी चुकून परत वापरू नये. एका हुकावर जुना आणि नवा दोन्ही, असं कधी करायचं नाही. कॉम्प्युटरनं आपल्या कारखान्यासारखंच विचारलं म्हणून त्याला बरंच वाटलं. त्यानं रिप्लेस दाबलं.

खेळ सुरू केला. पडदा काळा झाला. वर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली आणि खेळ बंद पडला.

परत सुरू केला. परत तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. जुना खेळही गेला आणि नवाही आला नाही.

त्यानं चिन्मयीला फोन लावला. बंद. परीक्षेच्या हॉलात फोन बंदच असणार हे त्याला कळत होतं. तरी चौदा वेळा लावला. मधल्या वेळात दारात गेला, आला, गेला, आला. शेजारच्या कौसल्याबाई वाळवण उलटत होत्या. म्हणाल्या, "संपतराव, पाव्हणे येनार हायेत का कोनी?"

वंदना घरी आली तेव्हा तो अंधाऱ्या पडद्यासमोर उभा होता.

"खेळ गेला," तो म्हणाला.

"गेला तर गेला. सोमवारी कामावर चाललात ना?"

"त्याच्याबिगर कसा जाऊ?"

वंदनाला हसू आलं. मग त्याचं तोंड बघून ते मावळलं. तिनं चहा ठेवला.

शनिवारी सकाळी चिन्मयी आली ती हातात सीडी घेऊनच. चौदा फोन बघून तिला अंदाज आला होता. मूळ खेळाची सीडी तिनं अद्वैतच्या कपाटातून शोधून काढली होती. फोल्डर उघडून तिनं कपाळाला हात लावला.

"दादा, जुनंच पुसलंत तुम्ही."

"पुसलं न्हाई. बदललं. जुना पट्टा काढल्याबिगर नवा कसा चढवणार?"

त्यानं तिला पट्ट्याचं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे उलटं आहे. नवा संच जुन्याच्या शेजारी ठेवायचा. वेगळं फोल्डर करून. नव्यात सगळं नसतं. भिंतींचे दगड, दारं, बंदुका, बरेचसे राक्षस तो जुन्याकडूनच घेतो. नव्यात फक्त नवं तेवढं असतं. जुनं काढलंत तर तो उभा कशावर राहील?"

"म्हंजी दोन्ही पट्टे हुकावर."

"हो."

"आमच्यात असं केलं तर रामराव घरी हाकलतील."

सीडी घरघर करत फिरली. जुनी फाईल तिच्या जागी परत आली. मग शेजारी नवं फोल्डर, त्यात पहिला संच. आणखी एक फोल्डर, त्यात दुसरा. नंतर चिन्मयीनं हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि खेळाचं नाव, त्यापुढं नव्या फोल्डरचं नाव टाइप केलं. "असं सांगितल्याशिवाय तो नव्याकडे बघतच नाही," ती म्हणाली. संपतनं ती ओळ तिच्याकडून पुसायला लावली आणि स्वतः टाइप केली. डाव्या हाताची बोटंही वापरली. एक अक्षर दोनदा पडलं. ते पुसून परत केलं.

नवा नकाशा उघडला.

दगडी बोळ नव्हता. उघडं आवार होतं, वर लोखंडी पूल, खाली लालभडक काही तरी उकळत होतं. "भट्टी," संपत खुशीत म्हणाला. दोन पावलं पुढे टाकली. मागं कुठं तरी दार सरकल्याचा आवाज झाला. पडदा लाल झाला. मेला.

परत. या वेळी पुलावर वरून काही तरी पडलं. मेला.

परत. मेला. परत.

चिन्मयी आधी हसत होती. "वळा, वळा! पळा की!" ओरडत होती. सहाव्या वेळी ती पडद्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघू लागली. उजवा हात आवाज आल्याबरोबर वळत होता. माऊस झटक्यात फिरत होता. डावा हात बटणांवर तसाच पडून राहायचा. एक श्वासभर. मग एकदम जागा झाल्यासारखा हलायचा. तोवर सगळं संपलेलं असायचं.

ती बघते आहे हे संपतनं बघितलं.

आठव्या वेळी मात्र आवाज व्हायच्या आधीच त्याची बोटं हलली. दार सरकलं तेव्हा तो खांबामागं होता. एक, दोन, तीन. आवार मोकळं झालं.

"जमलं!" चिन्मयी म्हणाली.

"जमलं न्हाई, मॅडम. पाठ झालं."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"सोमवारी नक्की काय करायचं असतं?" तिनं विचारलं.

"एक तास. गठ्ठा उचलायचा, ट्रकापर्यंत न्यायचा, ठिवायचा. पुन्हा दुसरा. एकोणीस वर्सं तेच केलंय. डोळे झाकून करीन."

ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

"तिथं काय राक्षस हायेत का?" तो चिडून म्हणाला.

"तिथं नागसेनदादा आहेत."

संपत उठला. नळाकडे गेला. नळ बंदच होता. तो तिथंच उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. म्हणाला, "वंदनाला सांगू नका."

"मी का सांगू? तुम्ही सांगा."

रविवारी तो दुसऱ्या संचाला बसला. आता त्यानं एक नियम केला. प्रत्येक खोली पहिल्यांदाच मोजायची. दुसऱ्यांदा जाणं म्हणजे वशिला. कॅलेंडरच्या मागं, जुन्या वेळांच्या खाली, त्यानं दोन रकाने पाडले. वेळेवर, उशिरा. दुपारपर्यंत वीस खोल्या झाल्या. अकरा वेळेवर. नऊ उशिरा.

तेवढ्यात नागसेन आला. हातात पेढ्याचा पुडा. "वरचे!" त्यानं दारातूनच हाक मारली. कारखान्यात सगळे संपतला वरचे म्हणत. "काय हे, पोरासोरांचे खेळ खेळून राह्यले! मी आगाऊ पेढे घेऊन आलो."

"आगाऊ कशाला?"

"उद्या गर्दी होईल ना. लोकं सगळे खाऊन टाकतील." तो खाटेवर बसला. "या बाबा लवकर. त्यो नवा ड्रायव्हर लई झटके देतो. परवा गठ्ठा पाळण्यावानी हलला, मी खालीच वाकलो."

"घाबरला का?"

"घाबरलो बिलकुल. तू असताना मी वर बघायचोच न्हाई. हात केला की झालं. आता वर बघून बघून मान दुखून राह्यली."

संपतनं पेढा तोंडात टाकला. नागसेनच्या समोरच कॅलेंडर होतं, रकाने वर. त्याला ते कशाचे ते कळलं नाही.

"वरचे, तुझं लक्ष न्हाई."

"हाये."

"मंग हास की जरा. तुझ्या आईला कळवलं का हसनाबादला?"

"उद्या कळवतो."

सोमवारी सात वाजता संपत शिडी चढला. प्रत्येक पायरीवर डावा हात घट्ट. केबिनमध्ये तोच वास होता, ग्रीस आणि तापलेल्या धुळीचा. खुर्चीवर नव्या ड्रायव्हरनं गादी ठेवली होती. ती त्यानं बाजूला केली. घंटा वाजवली. खाली नागसेननं हात हलवला.

तास कसा गेला ते कळलं नाही. गठ्ठा उचलला, नेला, ठेवला. एकही झटका नाही. तिसऱ्या खांबापाशी रुळावर क्रेन जराशी उडते, तिथं त्यानं नेहमीसारखा दांडा हलका केला. ट्रकाजवळ वाटेत कठडा येतो, तिथं हूक आधीच वर घेतला. डाव्या हाताला सगळं आठवत होतं. आपल्याला चांगलं वाटायला पाहिजे, असं त्याला वाटत होतं. वाटत नव्हतं. मधूनच त्याला वंदना मागून गॅसचं बोलते आहे असा भास झाला.

खालून रामरावांनी अंगठा वर केला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. नागसेन पेढ्याचं खोकं उघडत होता.

संपत उतरला. "उद्यापासून पहिली पाळी," रामराव म्हणाले. "जा, चहा पी."

"साहेब, अजून दहा मिनिटं द्या."

"कशाला? पास झाला तू."

"हे पाठ हाये, साहेब. हे मी झोपेतबी करीन. मला नवीन काय तरी द्या."

"नवीन काय देऊ? क्रेनला पंख लावू?"

आजूबाजूला हशा झाला. संपत हसला नाही. "मी गठ्ठा नेताना कुणाला बी मधीच हात वर करायला सांगा. मला न सांगता. कोण करणार, कुठं करणार, मला ठाऊक नको. खाली माणूस नको. फरशीवर चुन्याची रेघ मारा, मी किती लांब जातो ते दिसंल."

"पागल झाला का तू? पास झालेला माणूस परत पेपर मागून राह्यला?"

पेढ्याचं खोकं नागसेननं बंद केलं. "साहेब, द्या त्याला," तो म्हणाला.

रामरावांनी चार माणसं चार कोपऱ्यांत खांबांमागं पाठवली. गठ्ठ्याच्या वाटेवरून सगळ्यांना हटवलं. चुना मागवला. हात वर झाला तेव्हा गठ्ठा जिथं होता, तिथून दोन हातांवर पहिली रेघ आणि गठ्ठा थांबला तिथं दुसरी, असं ठरलं. पहिलीच्या आत थांबला तर वेळेवर.

सहा वेळा हात वर झाले. चार वेळा गठ्ठा रेघेच्या आत थांबला. पाचव्या वेळी कोपऱ्यातला माणूस उजवीकडून हात वर करून निघाला, आणि संपतला तो दिसलाही. दिसला आणि डावा हात पडून राहिला. एक श्वासभर. गठ्ठा रेघेपुढं वीतभर गेला. सहाव्या वेळी माणूसभर.

तिथं कोणी नव्हतं. सगळं मोकळं होतं. गठ्ठा खाली ठेवून झाल्यावर नागसेन चालत गेला आणि त्या दोन रेघांच्या मध्ये, जिथं गठ्ठा गेला होता तिथं, उभा राहिला. त्यानं वर बघितलं. हातात खोकं तसंच होतं.

संपत शिडी उतरेपर्यंत कुणी हललं नाही.

"सहातले चार," रामराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "नव्या ड्रायव्हरचे तीनच येतील. एवढं कोणी बघत न्हाई, संपत."

"मी बघून राह्यलो, साहेब. मी खालीच राह्यतो सध्या."

"किती दिवस?"

"सहातले सहा होईपर्यंत."

वंदनानं ऐकून घेतलं. मग भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली. "तुम्हाला कोणी नापास केलं न्हाई," ती भांड्यांकडे बघत म्हणाली. "तुम्हीच केलं."

"हो."

"सात महिने मी वाट बघितली."

"नागसेनचा संसार हाये, वंदना."

"मला ठाऊक हाये." तिनं पातेलं आपटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "ठाऊक हाये म्हणूनच ओरडून राह्यले. न्हाई तर कशाला ओरडले असते?"

संध्याकाळी त्यानं चिन्मयीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून इतका वेळ काहीच आलं नाही की त्याला वाटलं फोन कट झाला.

"मॅडम? हायेत का?"

"आहे."

"काय झालं?"

"काही नाही, दादा." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला नुसता खेळ दिला होता."

"मंग तेच म्हणून राह्यलो. अजून नकाशे हायेत का?"

"हजारो."

"एक नकाशा एकदाच. दुसऱ्यांदा न्हाई. पाठ झाला की काढून टाकायचा."

"काढून टाकू नका," ती घाईनं म्हणाली. "शेजारी ठेवा."

"हां. शेजारी. इसरलो."

आता तो स्वतःच बसवतो. शनिवारी दुपारी ती पेन ड्राइव्ह देते, तो जुन्याच्या शेजारी नवं फोल्डर करतो, काळ्या खिडकीत ओळ टाइप करतो. कॅलेंडरची मागची बाजू भरली. पुढच्या महिन्याचं पान त्यानं आधीच फाडलं म्हणून वंदना दोन दिवस बोलली नाही. तिला सणवार आता शेजारणीला विचारावे लागतात.

कारखान्यात तो साखळ्या बांधतो. पहिल्या आठवड्यात त्यानं नव्या ड्रायव्हरला अकरा वेळा थांबवलं. ड्रायव्हर केबिनमधून मान काढून ओरडला, "ओ काका, जांभई आली की तोंडावर हात ठिवत जा!" नागसेनसकट सगळे हसले. पण प्रत्येक वेळी थांबावं त्याला लागलंच. कायदा होता.

गेल्या बुधवारी संपत वाकून साखळी ओढत होता. पाठीमागं, वर, काही तरी वेगळं वाजलं. गठ्ठा तिरका होऊन नागसेनकडे झुकत होता. नागसेनची पाठ होती. संपतनं ओरडायला तोंड उघडलं. त्याआधीच त्याचा हात वर गेला होता.

क्रेन थांबली. गठ्ठा झुलत झुलत शांत झाला. नागसेननं वळून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला.

संपत आपल्या वर गेलेल्या हाताकडे बघत होता. उजव्या हातात साखळी होती. वर गेलेला हात डावा होता.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. एकदा झालं त्याला काय अर्थ. हात खाली घेतला, साखळी आवळली, नागसेनला म्हणाला, "चल म्हण त्याला." पाळी संपेपर्यंत तो एका जागी ठरला नाही. घरी आला, चपला न काढता नळ बघितला आणि वंदना जेवायला हाक मारत असताना नवं फोल्डर करायला बसला.